ताई, ९२ हजारांच्या स्टिकरआधी डोंगल लावून बघा

कराडहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडं कमी करून देतो:

"सर, माझं तहसील कचेरीजवळ छोटं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं काम असतं. मराठी टायपिंगला श्रीलिपी आणि डिझाइनला कोरल वापरते. कॉम्प्युटर जुना आहे, आय-थ्री चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, विंडोज १०, आता सारखा हँग होतो. दुकानदार म्हणतो साधा लॅपटॉप घेऊच नका, एआय लॅपटॉप घ्या, ९२ हजार, दोन वर्षांत बाकीचे सगळे भंगारात जाणार. साधा ५५ पर्यंत बसतोय. मुलगा बीसीएला आहे, तो म्हणतो आई तू काहीच घेऊ नकोस, एआयमुळे तुझं दुकानच राहणार नाही. दोघांपैकी कुणाचं ऐकू? हप्ते मलाच भरायचेत."

ताई, दोघांचंही ऐकू नका. मुलाकडून एक काम मात्र करून घ्या, ते पुढे सांगतो. दुकानदाराचं अजिबातच नको, कारण तुमच्या कामाला तो ९२ हजारांचा लॅपटॉप लागत नाही आणि त्यातला एक प्रकार तर असा आहे की घरी आणून लावलात तर तुमची श्रीलिपी कदाचित उघडणारच नाही. हे त्याने सांगितलं नसणार, आणि मला वाटतं त्यालाही माहीत नसणार, कंपनीच्या माणसाने ट्रेनिंगमध्ये जे पाठ करून घेतलं तेच तो तुम्हाला म्हणून दाखवतोय.

आधी हेच घेऊ कारण पैसे इथेच बुडतात. तुमच्या श्रीलिपीचं ते छोटं डोंगल कॉम्प्युटरच्या मागे यूएसबीत लावलेलं असेल, ते काढलं की सॉफ्टवेअर चालत नाही, बरोबर? त्या डोंगलला ड्रायव्हर लागतो, म्हणजे ते उपकरण विंडोजला ओळखता यावं म्हणून घातलेलं छोटं सॉफ्टवेअर. आता 'कोपायलट प्लस पीसी' या नावाचे जे पहिले एआय लॅपटॉप जून २०२४ मध्ये बाजारात आले ते सगळे क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपवर होते, म्हणजे आपल्या मोबाइलमध्ये असते त्या एआरएम जातीची चिप. त्यावर विंडोज छान चालतं, बॅटरीही खूप टिकते, इंटेलसाठी बनवलेली बरीचशी जुनी सॉफ्टवेअरंसुद्धा ते आतल्या आत भाषांतर करून चालवून घेतं. पण ही सवलत ड्रायव्हरला नाही. ड्रायव्हर एआरएमसाठी मुद्दाम बनवलेलाच लागतो, नाहीतर तो लॅपटॉप ते उपकरण ओळखतच नाही. जुनं डोंगल, जुना लेझर प्रिंटर, बायोमेट्रिकसाठी ठेवलेलं अंगठ्याचं मशीन, यातलं काय चालेल आणि काय नाही हे विकत घेतल्यावर कळून काय उपयोग, त्यामुळे कुठलाही लॅपटॉप बघायला जाताना डोंगल पर्समध्ये टाकून न्या, श्रीलिपीचं सेटअप पेनड्राइव्हवर न्या आणि डेमो पीसवर चालवून दाखवा म्हणा. दुकानदार कां कूं करायला लागला की सरळ उठा. नंतर एएमडी आणि इंटेलच्या चिपवरही कोपायलट प्लसवाले लॅपटॉप आले, तिथे ही एआरएमची अडचण नाही, पण ते तुम्ही घ्यावेत असं त्यामुळे होत नाही.

आता त्या लॅपटॉपवरचा 'कोपायलट प्लस पीसी' हा स्टिकर म्हणजे नेमकं काय ते बघू. मायक्रोसॉफ्टने २० मे २०२४ ला कोपायलट प्लस पीसीची अट जाहीर केली: किमान १६ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज आणि एनपीयू नावाचा, खास एआयच्या आकडेमोडीसाठीचा, एक वेगळा भाग ज्याची ताकद ४० टॉप्सच्या वर हवी. टॉप्स म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी होतात त्याचं माप, म्हणजे ४० टॉप्स म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी. ऐकायला भारी वाटतं. पण मिक्सरवर ७५० वॅट लिहिलेलं असलं म्हणून चटणी कशी होईल ते कळत नाही, तसंच हे. शिवाय 'एआय पीसी' हा शब्द त्याच्याही आधीपासून सैलपणे फिरतोय. इंटेलचे डिसेंबर २०२३ मध्ये आलेले पहिले कोअर अल्ट्रा प्रोसेसरही एआय पीसी म्हणूनच विकले गेले आणि त्यांचा एनपीयू साधारण ११ टॉप्सचा, म्हणजे सहा महिन्यांत मायक्रोसॉफ्टने जी अट घातली तिच्या जवळपासही नाही. ज्यांनी तेव्हा 'भविष्यासाठी' म्हणून घेतला त्यांचं भविष्य सहा महिन्यांत मागे पडलं. तुमच्या दुकानदाराची दोन वर्षांची गॅरंटी मला म्हणूनच पटत नाही.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. तुम्ही किंवा मुलगा ज्याला एआय म्हणता, म्हणजे चॅटजीपीटी, जेमिनाय वगैरे, ते त्या लॅपटॉपमध्ये चालतच नाही. तुम्ही प्रश्न टाइप करता, तो इंटरनेटवरून कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये जातो, उत्तर तिथे तयार होतं आणि तुमच्या स्क्रीनवर येतं. तुमच्या त्या हँग होणाऱ्या आय-थ्रीवरही ते तेच उत्तर देईल, ९२ हजारवाल्यावरही तेच. फोनवरही तेच. एनपीयू लागतो तो फक्त लॅपटॉपच्या आत जे काम होतं त्याला, जसं व्हिडिओ कॉलमध्ये मागचं दृश्य धूसर करणं, पेंटमध्ये चित्र काढून देणं, असं काहीबाही. तुम्ही दुकानात किती व्हिडिओ कॉल करता?

शोरूममध्ये हे स्वतः तपासता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स म्हणून जे आहे तिथे सीपीयू, मेमरी, डिस्क यांच्या आलेखांच्या ओळीत एनपीयूचाही एक आलेख दिसेल. आता दुकानदाराला म्हणा, चॅटजीपीटी उघडा आणि एक लांबलचक अर्ज लिहायला सांगा. तो आलेख तळाला चिकटून राहील, शून्य टक्के, उत्तर धाडधाड येत असतानाही. मग कॅमेरा चालू करून बॅकग्राउंड ब्लर करायला सांगा, तेव्हा रेघ थोडी वर येईल. एवढ्यासाठी ३७ हजार जास्त. ज्यांना स्वतःच्या मशीनवर एआयचं मॉडेल उतरवून खेळायचा नाद आहे त्यांचंही बघा, ८ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे आत तेवढे आकडे साठवलेलं) एक मध्यम मॉडेल दाबून लहान केलं तरी साधारण ५ जीबी जागा रॅममध्ये खातं, आणि ती चालवायची जी नेहमीची मोफत साधनं आहेत ती बहुतेक सीपीयू किंवा ग्राफिक्स कार्डवरच काम करतात. म्हणजे हौशी माणसालासुद्धा आधी रॅम लागते, स्टिकर नंतर.

स्टिकरचा हा खेळ नवा नाही. २००६ साली विंडोज व्हिस्टा यायच्या आधी कॉम्प्युटरवर 'विंडोज व्हिस्टा केपेबल' असे स्टिकर लावून माल विकला गेला. लोकांनी घेतला, व्हिस्टा आली आणि कळलं की जाहिरातीतल्या त्या काचेसारख्या पारदर्शक खिडक्या यातल्या बऱ्याच मशीनवर चालतच नाहीत, त्यांच्यावर फक्त सगळ्यात साधी आवृत्ती चालते. अमेरिकेत २००७ मध्ये कोर्टात केस झाली, त्यातून मायक्रोसॉफ्टच्या आतल्या ईमेल बाहेर आल्या, आणि त्यात त्यांच्याच एका व्हाइस प्रेसिडेंटने लिहिलं होतं की मी २,१०० डॉलरचा लॅपटॉप घेतला आणि आता माझ्याकडे ईमेल बघायचं मशीन आहे. पुढे २००९ मध्ये कोर्टाने सगळ्या ग्राहकांची एकत्रित केस म्हणून ती चालवायला नकार दिला. म्हणजे कंपनीतला वरचा माणूस फसतो तिथे कराडच्या बाजारपेठेत तुम्ही गोंधळलात तर तुमचं काही चुकलेलं नाही.

आणि 'कॉम्प्युटरशी साध्या भाषेत बोला' हे आश्वासन त्याहून जुनं आहे. सिमँटेक ही कंपनी तुम्हाला नॉर्टन अँटिव्हायरसमुळे माहीत असेल, ती पिवळी खोकी सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांकडे असायची. ही कंपनी १९८२ मध्ये गॅरी हेंड्रिक्स नावाच्या, माणसाची भाषा कॉम्प्युटरला समजावण्यावर काम करणाऱ्या संशोधकाने सुरू केली होती, एआयसाठीच, अँटिव्हायरस वगैरे नंतर. १९८५ मध्ये त्यांनी 'क्यू अँड ए' नावाचं सॉफ्टवेअर काढलं, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारं, ज्यात 'इंटेलिजंट असिस्टंट' होता. तुम्ही इंग्रजीत लिहायचं की अमुक विभागातल्या लोकांची नावं आणि पगार दाखव, तो त्याचा अर्थ लावायचा. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. काम करायच्या आधी त्याला काय समजलं ते तो लिहून दाखवायचा आणि विचारायचा, असं करू का? तुम्ही हो म्हटल्यावरच पुढे. एवढासा कॉम्प्युटर, मोजून काहीशे केबी मेमरी, पण विचारायची शिस्त होती. आजचे चॅटबॉट ही शिस्त बहुतेक वेळा पाळत नाहीत, चुकीचं समजलं तरी बिनधास्त दोन पानं लिहून देतात. (आपल्याकडेही तेव्हा हे वारं होतंच, मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत 'विद्वान' नावाचं एक्सपर्ट सिस्टिम, म्हणजे तज्ज्ञासारखा सल्ला देणारं सॉफ्टवेअर, बनवायचं साधन तयार झालं होतं. नाव काय सुंदर ठेवलं होतं.)

मग आली ती क्लिप. ऑफिस ९७ मधली डोळे मिचकावणारी कागदाची क्लिप तुम्हाला आठवत असणारच, डिअर लिहिलं की टपकायची, "तुम्ही पत्र लिहिताय वाटतं, मदत करू?" म्हणून. त्याच्या मागे खरं तर चांगलं संशोधन होतं. एरिक हॉर्विट्झ यांच्या गटाने मायक्रोसॉफ्टमध्ये लुमिएर नावाचा प्रकल्प केला होता, माणूस काय करतोय, कुठे अडलाय, त्याला मदत हवी आहे की नको याचा संभाव्यतेच्या गणिताने अंदाज घेणारा. पण प्रत्यक्ष विक्रीच्या ऑफिसमध्ये ते सगळं आलं नाही, साधे ठोकळेबाज नियम आले आणि वर नाचणारी क्लिप आली. हा माणूस हजार पत्रं लिहून बसलाय, याला मदत नकोय, हे काही ती लक्षात ठेवायची नाही. लोक इतके वैतागले की २००१ च्या ऑफिस एक्सपीत ती आपोआप यायची बंद केली, आणि मजा म्हणजे मायक्रोसॉफ्टने त्याचीच जाहिरात केली की नवं ऑफिस इतकं सोपं आहे की क्लिपची नोकरी गेली. २००७ च्या ऑफिसमधून ती काढूनच टाकली. आणि आता मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या एआय मदतनिसाला मिको नावाचा गोळा दिलाय ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्याला टोचत राहिलं की त्याची क्लिप होते म्हणे. गेलेलं भूत परत बोलावायची हौस.

मी हे सगळं एआय म्हणजे थापा आहेत असं सांगायला लिहीत नाहीये. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं त्यानंतर जे होतंय ते क्लिपपेक्षा कितीतरी पुढचं आहे आणि ते तुमच्या कामात येणारच आहे. फक्त जे कामाचं निघतं त्याला स्टिकर लागत नाही. फोनमध्ये माइकचं बटण दाबून मराठीत बोललं की टाइप होतं ना? गुगलने ते ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसाठी आणलं, तेही एआयच, कुणी त्यासाठी एआय फोन म्हणून वेगळे पैसे घेतले नाहीत. १९९० मध्ये अमेरिकेत ड्रॅगन डिक्टेटची किंमत ९ हजार डॉलर होती आणि एकेक शब्द थांबून थांबून बोलावं लागायचं. आज तुमच्या दुकानात आलेले आजोबा अर्ज तोंडी सांगतायत, तुम्ही फोन पुढे धरा, बोलू द्या, नंतर दुरुस्त करा.

आता तुमच्या दुकानाची खरी अडचण, जिच्याबद्दल दुकानदारही बोलला नाही आणि मुलगाही. तुमच्या जुन्या फायली. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं जे काही आहे ते दिसतं मराठी पण आत मराठी नाही. त्या काळी फॉन्ट बनवताना इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवले होते, त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच आहेत. एखादा जुना प्रतिज्ञापत्राचा मसुदा कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकून बघा, 'सत्य प्रतिज्ञेवर कथन करते की' च्या जागी कंस, डॉलर, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. ती खिचडी चॅटजीपीटीला दिलीत तर तेही गोंधळणार, किंवा त्याहून वाईट, अंदाजाने काहीतरी मराठी बनवून देणार. ९२ हजारांच्या लॅपटॉपवरही ही खिचडी खिचडीच राहणार. याला उपाय युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेला क्रमांक. जुन्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कन्व्हर्टर मिळतात, आणि हे आहे मुलाचं काम. त्याला म्हणा, माझं दुकान बुडणार की नाही ते नंतर सांग, आधी माझे रोजचे मसुदे, उत्पन्नाचा, रहिवासाचा, नावात बदल, वारस, गॅझेटचा अर्ज, हे सगळे युनिकोडमध्ये करून दे आणि जोडाक्षरं कुठे तुटली ते ओळीओळीने बघ. र्‍य आणि ऱ्य, रफार, श्र, ज्ञ इथे कन्व्हर्टर हमखास मार खातात. पत्रिकेचा नक्षीदार मजकूर श्रीलिपीतच राहू द्या, त्यात हात घालू नका.

हे झालं की एआय तुमच्या उपयोगाला यायला लागेल. हाताने लिहून आणलेला कागद, फोनने फोटो काढायचा, त्यातला मजकूर काढून घ्यायचा, टायपिंगचे कष्ट वाचतात. पण इथे एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्या कारण तुमचं काम तहसीलच्या दारात आहे. जुन्या पद्धतीचं ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, चुकलं की चूक डोळ्यात भरायची, मध्येच काहीतरी विचित्र अक्षर यायचं, टिंब यायचं. हे नवीन एआय चुकतं तेव्हा सफाईदार चुकतं. अक्षर लागलं नाही तर तिथे जे शोभेल ते घालतं आणि पुढे जातं. समजा अर्जात 'गट नं. ११२/२अ' आहे आणि तो 'अ' जरा फराटा मारल्यासारखा आहे, हे लिहून देईल ११२/२, वाक्य एकदम स्वच्छ, वाचताना अडखळायला काही नाही. आडनाव 'येवले' असेल आणि ह्याने 'येवते' केलं किंवा उलटं, तरी दोन्ही आडनावंच वाटत असल्यामुळे तुमची नजर त्यावरून घसरून जाते. मग तो माणूस तलाठ्याकडून परत येतो आणि शिव्या तुम्हाला. म्हणून नावं, गट नंबर, तारखा, आधारचे आकडे, रक्कम, एवढं मूळ कागदावर बोट ठेवून एकेक तपासायचं, बाकी मजकूर एआयचा घेतला तरी चालेल. आणि ते जे शुद्धलेखन दुरुस्त करून देतं त्यात कायद्याचे शब्दही बदलतं हं, 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांना सोपं करायला जातं, तिथे त्याला हात लावू देऊ नका.

दुसरं, लोकांचे कागद. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सातबारा, दिवसभर तुमच्या स्क्रीनवर हेच असतं. कोपायलट प्लसवाल्या लॅपटॉपचं जे मोठं आकर्षण म्हणून २०२४ मध्ये दाखवलं ते होतं रिकॉल, म्हणजे कॉम्प्युटर दर थोड्या वेळाने स्क्रीनचा फोटो काढून ठेवणार आणि नंतर तुम्ही विचारलं की 'परवा बघितलेलं ते' शोधून देणार. जाणकारांनी लगेच दाखवून दिलं की ही सगळी माहिती साध्या डेटाबेसमध्ये कुलूप न लावताच पडलेली आहे. बोंबाबोंब झाली, मायक्रोसॉफ्टने ते मागे घेतलं, सुरक्षा वाढवली, आपणहून चालू केलं तरच चालू होईल असं केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये कोपायलट प्लसवाल्या लॅपटॉपवर द्यायला सुरुवात केली. आता ते आधीपेक्षा बरंच सुरक्षित आहे हे मान्य. तरी तुमच्या दुकानात त्याला जागा नाही. गिऱ्हाइकाचं आधार स्क्रीनवर असताना त्याचे फोटो साठवणारी गोष्ट दुकानाच्या कॉम्प्युटरवर कशाला? आणि तोच नियम चॅटबॉटला, मसुदा द्या पण आधारचा फोटो चुकूनही टाकू नका. नाव नंबर काढून 'अबक' लिहून द्या, नंतर जागेवर भरा.

मुलाच्या बोलण्याबद्दल. तो पूर्ण चुकीचा नाही. नुसतं टायपिंग करून पानामागे पैसे, हे काम कमी होणार, होतंच आलंय. प्रश्नपत्रिका शिक्षक स्वतः बनवायला लागतील. पण तुमच्या पत्रिकांचा धंदा तुम्ही नीट आठवून बघा, तो आधी कशाने कमी झाला? व्हॉट्सॅपवरच्या आमंत्रणाने. तेव्हा एआय कुठे होतं. आणि उलट बाजूने बघा, २०१७ पासून प्रत्येकाच्या खिशात मराठी टाइप करणारा माइक आहे तरी माणसं तुमच्याकडे अर्ज घेऊन येतातच, कारण कुठल्या अर्जाला कुठला कागद जोडायचा, कुठल्या खिडकीवर काय परत पाठवतात, पोर्टलवर फोटो किती केबीचा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्याचे पैसे तुम्ही आत्ता घेत नाही, टायपिंगचे घेता. दरपत्रक बदला. 'अर्ज तपासून कागद जोडून तयार करणे' असं वेगळं लिहा आणि टायपिंग स्वस्त करा. मुलाला याचा हिशोब मांडायला सांगा, बीसीए आहे ना.

आता घ्यायचं काय. तुमचं जुनं मशीन विंडोज ११ ला चालणार नाही, मायक्रोसॉफ्टच्या अटीत इंटेलची आठवी जनरेशन लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, तेवढं मुलाकडून आजच चालू करून घ्या. नवीन मशीन इंटेल किंवा एएमडीच्या साध्या प्रोसेसरचं, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (वेगवान डिस्क), विंडोज ११. एनपीयू असला तर असू दे, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. दुकानातून हलवायचं नसेल तर लॅपटॉप तरी कशाला, डेस्कटॉप घ्या, मोठा स्क्रीन मिळेल, पत्रिका लावायला डोळ्यांना बरं आणि काही बिघडलं तर तेवढाच पार्ट बदलता येतो. लॅपटॉपच घेणार असाल तर रॅम नंतर वाढवता येते का हे विचारा, बऱ्याच पातळ एआय लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच पक्की असते, आज जेवढी घेतली तेवढ्यावरच शेवटपर्यंत काढायचं.

आणि रॅमचं आत्ताच बघा, पुढच्या दिवाळी ऑफरची वाट बघू नका. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप इतक्या उचलल्यात की २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबरमध्ये क्रुशल हा आपला दुकानात मिळणारा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे एआय तुमच्या लॅपटॉपमध्ये येवो न येवो, तुमच्या बिलात आलेलं आहे. तिकडे डेलच्या प्रॉडक्टवाल्यांनीच जानेवारी २०२६ मध्ये कबूल केलं की गिऱ्हाईक एआय बघून मशीन घेत नाही, उलट त्याने गोंधळतं. हे दुकानदाराला सांगून बघा, बघू काय म्हणतो.

जुना कॉम्प्युटर विकू नका. फारसे पैसे येणार नाहीत त्याचे. त्यात एक छोटी एसएसडी टाका, हँग होणं पुष्कळ कमी होईल, नेट काढून टाका आणि डोंगल त्यालाच राहू द्या, जुन्या पत्रिकांच्या फायली तिथेच उघडा. नवीन मशीनवर श्रीलिपी चालली तर उत्तमच, डोंगल इकडून तिकडे करत बसा. नाही चालली तर श्रीलिपीच्या कंपनीकडे नवीन आवृत्तीचा भाव विचारा, पण तो विचारा लॅपटॉपचे पैसे द्यायच्या आधी, कारण ते धरून मग तुमचं बजेट ५५ चं राहतं का ६५ चं होतं ते ठरेल. आणि बिल जीएसटी नंबर घालूनच घ्या, दुकानाच्या नावाने.